माप कुणाच्या हातात?

"आमच्याशी पक्षपात झाला" हे वाक्य आपल्या घरांत महिन्यातून एकदा तरी ऐकू येतं. मुलाखतीहून हात हलवत परतलेला मुलगा तेच म्हणतो. भाड्याची खोली न मिळालेलं जोडपं तेच म्हणतं. रेशनच्या दुकानावरून चिडून आलेली खालाही तेच म्हणते, आणि थोरल्याला मोटरसायकल मिळाली म्हणून फुगून बसलेला धाकटासुद्धा तेच म्हणतो. दुखणी चार आणि नाव एकच. डॉक्टरकडे जाऊन नुसतं "दुखतंय" म्हटलं तर तो पहिल्यांदा "कुठं?" म्हणूनच विचारतो. अन्यायाचंही तसंच आहे. तो नेमका कुठला, हे सांगता आलं नाही तर अर्ज लिहिणाऱ्याला लिहिता येत नाही आणि ऐकणाऱ्याला टाळायला बरं पडतं.

मराठीत या दुखण्यांसाठी नावांची वाण नाही. पक्षपात, पूर्वग्रह, भेदभाव, दुजाभाव, आपपरभाव, सापत्नभाव, पंक्तिप्रपंच, तरफदारी, वशिला, आकस, अढी, डावं-उजवं, झुकतं माप. वर्गात मराठी शिकवताना मी हे शब्द फळ्यावर लिहून मुलांना विचारत असे, यातले सारखे अर्थ असणारे किती? मुलं म्हणायची, सगळे. खरं म्हणजे यातले कुठलेही दोन शब्द पूर्ण सारखे नाहीत.

आधी पक्षपात घेऊ. पक्ष म्हणजे बाजू आणि पात म्हणजे पडणं. जो मध्ये उभा राहायला हवा होता, तो एका बाजूला कलंडला. म्हणजे पक्षपात करायला आधी मध्ये उभं असावं लागतं. पंच, परीक्षक, न्यायाधीश, सरपंच, आई, बाप, वाढपी यांच्या हातात काहीतरी असतं आणि ते त्यांना वाटायचं असतं. ज्याच्या हातात काहीच नाही त्याला पक्षपात करता येत नाही. शेजाऱ्याला आपण आवडत नसू तर तो त्याचा पक्षपात नव्हे, ती त्याची नावड आहे. तोच शेजारी सोसायटीचा सेक्रेटरी झाला आणि पाण्याची पाळी ठरवायला बसला, की मग शब्द बदलतो.

याच्या उलट बाजूला आपण "तटस्थ" हा शब्द ठेवतो, तोही चुकतो. तट म्हणजे काठ. तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला. २००५ आणि २०१९ चा कृष्णेचा पूर ज्यांनी सांगलीत पाहिला, त्यांना काठावर उभं राहणारा आणि होडी घेऊन येणारा यांतला फरक समजावून सांगायला नको. निःपक्षपाती माणूस काठावर उभा राहत नाही. तो निवाडा करतो, आणि निवाड्यात कुणातरी एकाचं नुकसान होतंच. आपला "इन्साफ" हा शब्दही हेच सांगतो. त्याच्या मुळाशी अरबी "निस्फ" आहे, म्हणजे अर्धं. बरोबर अर्ध्यावर सुरी ठेवायची तर हात थरथरून चालत नाही.

या सगळ्या यादीत माझा आवडता शब्द पंक्तिप्रपंच. तो थेट जेवणाच्या पंगतीतून आला आहे. एकाच ओळीत बसवून एकाच्या पानात तुपाची धार आणि दुसऱ्याच्या पानात कोरडा भात, म्हणजे पंक्तिप्रपंच. वेगळं बसवलं असतं तर निदान उघड भेद तरी म्हणता आला असता. इथं ओळ एक, पंगत एक, आमंत्रण एक, फक्त पळी वेगळी. आपल्या वलीम्यात हा प्रकार नसतो असं कुणी म्हणू नये. दस्तरख्वान एकच असतो, पण मोठ्या पाहुण्यांच्या थाळ्यात नळी जाते आणि कोपऱ्यात बसलेल्या गरीब नातलगांच्या थाळ्यात रस्सा. देगेजवळ उभा असलेल्या माणसाला कुणी काही सांगितलेलं नसतं. त्याचा हात आपोआप ओळखतो.

म्हणूनच भाऊराव पाटलांनी पंगतीपासून सुरुवात केली असावी असं मला वाटतं. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली, १९२४ साली ती साताऱ्यात आली. तिथल्या वसतिगृहात सगळ्या जातिधर्मांची मुलं एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत आणि एकत्र जेवत. १९२७ साली गांधीजींनी त्या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचं नाव दिलं. ज्या काळी पाण्याच्या घोटावरून माणसं दूर सरकत, त्या काळी एकाच तव्यावरची भाकरी मोडून खायला लावणं ही साधी गोष्ट नव्हती.

"झुकतं माप" या शब्दात मात्र एक गंमत आहे. सांगलीच्या हळदीच्या बाजारात काटा पाहिलेल्यांना ती लगेच कळेल. स्वतःच्या मालातून कुणाला थोडं जास्त दिलं तर ते औदार्य. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका खरेदीत मोबदला तोलणाऱ्याला झुकतं तोलायला सांगितल्याचं हदीसमध्ये आहे. पण तिथं जास्तीचं जाणार होतं ते त्यांच्याच पदरचं. आपण झुकतं माप देतो ते बहुतेक वेळा दुसऱ्याच्या पोत्यातून, शाळेच्या जागांतून, जमातीच्या फंडातून, ग्रामपंचायतीच्या घरकुलांतून. देणारा हात आपला आणि माल सगळ्यांचा, तिथं झुकतं माप म्हणजे पलीकडच्याला मारलेला काटा. काटा मारणाऱ्यांवर तर कुरआनात एक अख्खी सूरह आहे, अल्-मुतफ्फिफीन. घेताना पुरं मोजून घेणारे आणि देताना कमी देणारे, असं त्यांचं वर्णन तिच्या सुरुवातीलाच आहे.

वशिल्याचीही अशीच घसरण झाली. अरबी "वसीला" म्हणजे जवळ पोचण्याचं साधन. अल्लाहच्या जवळ जाण्यासाठी वसीला शोधा, असं सूरह माइदाच्या ३५व्या आयतीत आहे. हा शब्द मराठीत उतरला आणि साहेबांच्या केबिनपर्यंत जाऊन थांबला. "वशिल्याचं तट्टू" म्हटलं की कुणालाही कळतं कुणाविषयी बोलणं चाललंय. मखजूम घराण्यातल्या चोरी केलेल्या स्त्रीसाठी हजरत उसामांनी (रजि.) रदबदली केली तेव्हा प्रेषितांनी (स.) ती झिडकारली. पूर्वीचे लोक बुडाले ते याचमुळे की प्रतिष्ठिताला सोडत आणि दुबळ्याला शिक्षा देत, हा त्या उत्तराचा आशय. ही हदीस आपल्याकडे बयानात नेहमी ऐकायला मिळते. बयान संपल्यावर बाहेर चपला घालता घालता मुलाच्या नोकरीसाठी शब्द टाकायची विनंतीही ऐकायला मिळते.

इथवरचे सगळे शब्द हाताचे झाले. पूर्वग्रह हा हाताचा शब्द नाही, तो मनाचा आहे. (काही जण "पूर्वाग्रह" लिहितात. ते हिंदीचं रूप, मराठीत "पूर्वग्रह".) ग्रह म्हणजे धरणं, पकडणं. पाहण्याआधीच जे धरून ठेवलं ते पूर्वग्रह. म्हणून पक्षपात आपण "करतो" आणि पूर्वग्रह "बाळगतो". कागदोपत्री त्याला "दूषित" जोडायची पद्धत आहे, पूर्वग्रहदूषित. विहीर दूषित व्हावी तसं मन. घरगुती मराठीत यासाठी "अढी" आहे. मनात अढी धरली. आंबे पिकायला पेंढ्यात घालतात तिलाही अढीच म्हणतात. दोन्हींचं मूळ एक असो वा नसो, काम सारखंच. अंधारात, ऊब देऊन, झाकून ठेवायचं. चार दिवसांनी उघडलं की कच्चं होतं ते पिकलेलं निघतं, आणि मधल्या काळात आपण काही केलं असं वाटतही नाही. कुरआनाचा यासाठीचा शब्द "जन्न" आहे. सूरह हुजुरातच्या १२व्या आयतीत सांगितलं आहे की पुष्कळसे जन्न टाळा, काही जन्न गुनाह असतात.

पूर्वग्रह कसा चालतो हे पाहायला मसूरच्या स्टेशनसारखी जागा नाही. पुणे-मिरज रेल्वेमार्गावरचं हे सातारा जिल्ह्यातलं छोटं स्टेशन. १९०१ साली चार मुलं तिथं उतरली. त्यांतला एक नऊ-दहा वर्षांचा भीमराव आंबेडकर, बरोबर त्याचा भाऊ आणि बहिणीची दोन मुलं. वडील रामजी खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी कामावर रोखपाल होते, मुलं साताऱ्याहून त्यांना भेटायला निघाली होती. पत्र वेळेवर पोचलं नाही म्हणून स्टेशनवर न्यायला कुणी आलं नाही. बाबासाहेबांनी पुढं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत हा प्रवास स्वतः लिहिला आहे.

स्टेशनमास्तर आधी आपुलकीनं चौकशी करतात. नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं पाहून त्यांनी मुलांना ब्राह्मणांची समजलं होतं. मग मुलगा भोळेपणानं सांगून टाकतो की आम्ही महार. मास्तरांचा चेहरा बदलतो, ते मागं सरतात आणि निघून जातात. कुणी गाडीवान दुप्पट भाड्यालाही तयार होईना. शेवटी तोड निघाली ती अशी की गाडी मुलांनी हाकायची, गाडीवानानं बाजूनं चालायचं आणि भाडं दुप्पट घ्यायचं.

इथं थांबून बघा. मास्तरांचा राग आपल्याला दिसतो, पण त्यांचा आधीचा जिव्हाळासुद्धा पूर्वग्रहच होता. तो मुलांसाठी नव्हता, कपड्यांवरून धरलेल्या अंदाजासाठी होता. पूर्वग्रह दर वेळी कडूच असतो असं नाही. "तुम्ही मुसलमान वाटत नाही हो, मराठी किती छान बोलता!" हे आपल्यापैकी कितीजणांनी ऐकलं असेल. बोलणारा मनापासून कौतुक करत असतो. त्या कौतुकाच्या पोटात काय आहे, ते आपण आभार मानून गिळतो. आणि गाडीवान? त्याला विटाळ होता, पण दुप्पट पैशाला नव्हता. पुष्कळसा भेदभाव असाच आपली किंमत ठरवून बसलेला असतो.

रात्री टोलनाका आला. डबा बरोबर होता, पण पाण्याविना जेवायचं कसं? गाडीवानानं सुचवलं की नाकेदार हिंदू आहे, महार म्हणालात तर पाणी देणार नाही, मुसलमान आहोत म्हणून बघा. मुलानं अस्खलित उर्दूत पाणी मागितलं. उत्तर तुटक आलं. तुमच्यासाठी पाणी कुणी ठेवलंय, डोंगरावर आहे, हवं तर आणा, अशा अर्थाचं. मुलं उपाशी झोपली.

आपल्याकडे ही गोष्ट सांगताना बहुधा स्टेशनमास्तरांपाशी थांबतात. मुसलमान वाचकानं नाक्यापर्यंत जायला हवं. उसनं घेतलेलं आपलं नावही त्या रात्री पाण्याच्या घोटाला पुरलं नाही. नाकेदार मागं सरला नाही, त्याचा चेहरा बदलला नाही, कदाचित त्याला विटाळही वाटला नसेल. त्यानं फक्त "तुमच्यासाठी" असा शब्द वापरला. पाणी आहे, पण ते तुमच्यासाठी ठेवलेलं नाही. मराठीत याला आपपरभाव म्हणतात. यात द्वेष लागत नाही, आवाज चढवावा लागत नाही, आणि म्हणून तो सिद्ध करणं सगळ्यांत अवघड.

खोली शोधणाऱ्या जोडप्याला भेटतो तो हाच नाकेदार. फोनवर खोली रिकामी असते, नाव सांगितलं की "कालच गेली हो". मालकाच्या मनात काय आहे हे तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून तक्रारीत "पूर्वग्रह" लिहू नका. मनाचा पुरावा देता येत नाही. तो काही पंच म्हणून बसलेला नव्हता, म्हणून "पक्षपात"ही नाही. जे घडलं ते लिहा. अमुक तारखेला खोली आहे म्हणून सांगितलं, नाव विचारलं, मग नाही म्हटलं, आणि तीच खोली पुन्हा जाहिरातीत आली. याला म्हणतात भेदभाव. संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये हाच शब्द आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून भेदभाव करायला राज्याला मनाई आहे, आणि दुकानं, उपाहारगृहं, सार्वजनिक विहिरी, तलाव यांच्या वापरात असा अडसर कुणालाच घालता येत नाही. खाजगी घरमालकापर्यंत तो अनुच्छेद सरळ पोचत नाही, हेही माहीत असलेलं बरं. पण नेमका शब्द वापरला की निदान समोरच्याला "तुमचा गैरसमज झाला असेल" म्हणून सुटता येत नाही.

आणि काही वेळा यांतला एकही शब्द वापरू नये. त्याच खटाव तालुक्यात पुसेसावळीत सप्टेंबर २०२३ मध्ये समाजमाध्यमावरच्या मजकुराचं निमित्त होऊन जमाव मशिदीत घुसला आणि एका तरुणाचा जीव गेला. अशा घटनेला "दोन गटांत तणाव" म्हणायची वृत्तपत्री सवय आहे. तणाव दोरीत असतो, दोन्हीकडून ओढल्याशिवाय तो येत नाही. चालून जाणं हा हल्ला आहे आणि मारणं हा खून. तिथं पूर्वग्रह, गैरसमज, तेढ असे मऊ शब्द आणणं म्हणजे शब्दांतही पक्षपात करणं.

आता थोडं आपल्याकडे. वीजबिलाची सक्तीची वसुली झाली की बातमीत येतं "पठाणी वसुली". सातारा-सांगलीत पठाण आडनावाची शेकडो घरं असतील. कुणी शिक्षक, कुणी फिटर, कुणी भाजीवाला, आणि त्यांच्या दारातही तीच वसुली येते. कारभार बिघडला की आपणही सहज म्हणतो, "ही काय मोगलाई लागली काय?" पण तक्रार करायची तर पुरी करावी. चिकट माणसाला आपण काय म्हणतो? मारवाडी. सरमिसळ भाषेला? धेडगुजरी. एखाद्या समाजाच्या नावाला दुर्गुण चिकटवून ते नाव शिवी म्हणून वापरायचं, यात आपण कुणाच्या मागं नाही. मराठीत दोष काढण्याला "नावं ठेवणं" म्हणतात, आणि सूरह हुजुरातच्या ११व्या आयतीत एकमेकांना वाईट नावं ठेवू नका, असंच सांगितलं आहे. क्वचित दोन भाषा इतक्या चपखल भेटतात.

"सापत्न वागणूक" हा शब्दही मला बोचतो. पुढाऱ्यांच्या भाषणात तो हमखास असतो, अमुक भागाला निधी देताना सापत्न वागणूक. मला मात्र त्या बायका दिसतात ज्या बिजवराशी निकाह करून आल्या आणि पहिलीची लेकरं स्वतःच्या हातानं न्हाऊमाखू घालून वाढवली. भाषेनं त्यांच्यावर आधीच निकाल देऊन ठेवलाय.

बाहेरच्यांचा पूर्वग्रह मोजताना आपल्याला डोळे दहा असतात. रिश्ता आला की पहिला प्रश्न काय येतो? "आपल्यातलेच ना?" बागवान, आतार, तांबोळी, शिकलगार, मुलाणी, मणियार, मुजावर, खाटीक. कलमा एक, सफ एक, खांद्याला खांदा लावून नमाज, आणि मुलगी द्यायची वेळ आली की मसूरचं स्टेशन. आपण त्याला पूर्वग्रह म्हणत नाही. "खानदान बघावं लागतं" म्हणतो. मुलगी सावळी असली तर "जोडा शोभायला हवा" म्हणतो. मराठी शाळेत शिकलेल्या पोराला "याला दीनाचं काय कळणार" म्हणतो. दुसऱ्यानं केलं की भेदभाव, आपण केलं की रीत. मराठीत यासाठी जुनी म्हण आहेच, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं.

आणि ज्या ठिकाणी पक्षपात हा शब्द अगदी काटेकोर बसतो, म्हणजे मध्ये कुणीतरी उभा आहे, हातात काहीतरी आहे आणि ते वाटायचं आहे, ते ठिकाण म्हणजे आपलं घर. बहिणींचा वाटा सूरह निसाच्या ११व्या आयतीत ठरवून दिलेला आहे. तो ठरवायचं काम भावावर सोडलेलं नाही. तरी बाप गेल्यावर चाळीस दिवसांच्या आत कागद तयार होतो. त्याचं नाव "हक्कसोडपत्र". काय शब्द आहे! सोडणारी जणू आपण होऊन सोडते आहे. आत "राजीखुशीने, कोणाच्याही दबावाविना" असं छापलेलं असतं. सही होते, साडीचोळी होते, ईदला माहेरी बोलावणं चालू राहतं. सही केली नाही तर ते बोलावणं बंद होईल, हे कागदात कुठंच नसतं, पण खोलीतल्या प्रत्येकाला माहीत असतं. या व्यवहारासाठी आपल्या बोलण्यात सगळे गोड शब्द आहेत. मन मोठं केलं, भावांची माया, माहेरचा उंबरा. वर दिलेल्या यादीतला एकही शब्द त्या खोलीत कुणी उच्चारत नाही.

काही हुशार बाप हा प्रश्नच ठेवत नाहीत. हयातीतच हिबा करून शेत, दुकान, घर मुलांच्या नावावर करतात. वारशाला काही उरतच नाही, म्हणजे कुणाचा वाटा मारला असं म्हणायची सोय नाही. कायद्यानं ते बसतं. मुलामुलींना भेट देताना अगदी समान द्यावं की वारशाच्या प्रमाणात, यावर उलेमांत मतभेद आहेत, पण काहींना देऊन बाकीच्यांना कोरडं ठेवणं बहुतेकांनी नापसंतच केलं आहे. त्यामागची हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. हजरत बशीर (रजि.) यांनी आपला मुलगा नुमान याला एक भेट दिली. नुमानच्या आईनं, अम्रा बिन्त रवाहा (रजि.) यांनी सांगितलं, प्रेषितांना (स.) साक्षीदार केल्याशिवाय मला समाधान नाही. बशीर गेले. तिथं त्यांना एकच प्रश्न विचारला गेला, तुमच्या सगळ्या मुलांना असंच दिलं आहे का? ते म्हणाले, नाही. मग मला या अन्यायाचा साक्षीदार करू नका, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. बशीर घरी परतले आणि दिलेली भेट त्यांनी परत घेतली.